अनोळखी परदेशी तिकीट कुठल्या देशाचं ते कसं ओळखायचं

मिक्स पाकीट टेबलावर ओतलं की निम्म्याहून जास्त तिकिटं पटापट लागतात, फ्रान्स इकडे, जर्मनी तिकडे, अमेरिका अजून एका ढिगात, आणि मग शेवटी उरतात ती दहा-पंधरा हट्टी तिकिटं, ज्यांच्यावरचं एकतर काही वाचताच येत नाही किंवा वाचता येतं पण त्या नावाचा देश आपण जन्मात ऐकलेला नसतो. बरेच जण ती एका डबीत टाकून विसरून जातात. मला मात्र त्यांचंच वेड आहे, आणि इतकी वर्षं ती शोधता शोधता एक गोष्ट पक्की कळली, की चित्राकडे सगळ्यात शेवटी बघायचं. आधी अक्षरं, मग किंमत, मग शिक्का, आणि मग चित्र. नवीन माणूस बरोबर उलटं करतो, तिथेच अडकतो.

चित्र फसवतं म्हणजे कसं, तर केनेडींचा चेहरा दिसला की हात आपोआप अमेरिकेच्या ढिगाकडे जातो, पण केनेडींची तिकिटं शारजा आणि अजमाननेही काढलीयत. राणी एलिझाबेथ तर जगभरच्या कितीतरी वसाहतींच्या तिकिटांवर आहे. चित्रातला प्राणी, पक्षी, फूल यांचंही तेच.

तर अक्षरं. रोमन लिपी असेल तर अर्धं काम झालं, फक्त एक लक्षात ठेवायचं की देश स्वतःला स्वतःच्या भाषेत हाक मारतो, आपण मारतो त्या नावाने नाही. हेल्वेशिया म्हणजे स्वित्झर्लंड, तिथे चार भाषा आहेत म्हणून कुठल्याच एका भाषेतलं न घेता लॅटिन नाव घेतलंय. माग्यार किंवा माग्यारोर्साग म्हणजे हंगेरी. सुओमी म्हणजे फिनलंड, स्वेरिये म्हणजे स्वीडन, नोर्गे म्हणजे नॉर्वे, ओस्टरराइश म्हणजे ऑस्ट्रिया, एस्ती म्हणजे एस्टोनिया, एरे म्हणजे आयर्लंड. ह्रवात्स्का बघून डोकं खाजवत बसाल पण तो क्रोएशिया. आणि एस, एच, क्यू अशी सुरुवात असलेलं श्किपेरिया दिसलं तर तो अल्बानिया, क्यू नंतर यू न येता सरळ आय येणारं हे नाव एकदा बघितलं की परत चुकत नाही.

इथे एक चूक जवळजवळ सगळ्यांकडून होते. तिकिटावर सगळ्यात मोठ्या अक्षरात जे छापलंय तेच देशाचं नाव असं समजतात. पण कोरेओस नावाचा देश नाही, ते स्पॅनिशमधलं पोस्ट, स्पेनपासून पार चिलीपर्यंत सगळे वापरतात. कोरेयो असेल तर पोर्तुगीज, म्हणजे पोर्तुगाल, ब्राझील किंवा पोर्तुगालच्या जुन्या वसाहती. पोच्टा असेल तर पोलंड, पोस्टेस असेल तर बहुतेक फ्रेंच, पण फ्रेंच दिसलं म्हणजे फ्रान्सच असं नाही कारण टपालाच्या जगात फ्रेंच बरीच वर्षं सगळ्यांची सामाईक भाषा होती, म्हणून जुन्या इराणच्या तिकिटावर पोस्तेस पेर्सान असं फ्रेंचमध्ये छापलेलं सापडतं. फ्रायमार्के, फ्रिमेर्के, फ्रिमार्के हे सगळे तिकीट या अर्थाचे शब्द, पहिला जर्मन, बाकीचे डेन्मार्क-नॉर्वे-स्वीडनकडचे. पोर्तो, सेन्याटासे, ते बेतालेन, लोसेन असं काही असेल तर ते पोस्टेज ड्यू, म्हणजे कमी पैसे लावलेल्या पत्रावर वसुलीसाठी लावायचं तिकीट, अनुक्रमे ऑस्ट्रिया आणि आजूबाजूचे, इटली, डच, स्वीडन. हे शब्द एका वहीत लिहून ठेवा, खरंच उपयोग होतो, कारण देशाचं नाव नसलं तरी या एका शब्दावरून भाषा कळते आणि भाषा कळली की दोन-चारच देश उरतात.

आद्याक्षरांचं प्रकरण वेगळं. आरएफ म्हणजे रेपुब्लिक फ्रान्सेझ, आणि बऱ्याचदा ते इतक्या बारीक अक्षरात चित्राच्या कोपऱ्यात असतं की भिंगाशिवाय दिसत नाही. डीडीआर म्हणजे पूर्व जर्मनी. ईईएफ असेल तर ते १९१८ पासूनचं पॅलेस्टाइन, पहिल्या महायुद्धात तिथे आलेल्या ब्रिटिशांच्या इजिप्शियन एक्स्पिडिशनरी फोर्सची आद्याक्षरं ती. यूएआर, म्हणजे युनायटेड अरब रिपब्लिक, मात्र डोकं खातं. १९५८ मध्ये इजिप्त आणि सीरिया एक झाले तेव्हा दोघांच्याही तिकिटांवर यूएआर आलं, १९६१ मध्ये सीरिया बाहेर पडला पण इजिप्तने ते नाव १९७१ पर्यंत ठेवलं. मग ओळखायचं कसं, तर किंमतीवरून. एम म्हणजे मिलीम असेल तर इजिप्त, पी म्हणजे पियास्त्र असेल तर सीरिया.

आता नावच नसलेली तिकिटं. पहिला अंदाज ब्रिटन. १८४० मध्ये पेनी ब्लॅक काढून चिकट तिकिटाची सुरुवात त्यांनीच केली, त्यावर फक्त राणी व्हिक्टोरियाचं डोकं होतं, देशाचं नाव नव्हतं, आणि ती पद्धत आजपर्यंत चालू आहे. त्यामुळे राजा-राणीचा चेहरा किंवा कोपऱ्यात त्याची छोटी सावलीसारखी आकृती, आणि नाव कुठेच नाही, तर ब्रिटन. पण सगळी बिननावाची तिकिटं ब्रिटनची नसतात, हे मला एका निळ्या तिकिटाने शिकवलं. लहानसं, मधे दोन डोक्यांचा गरुड, छातीवर ढाल, कोपऱ्यात १० हा आकडा, बस्स. एकही अक्षर नाही. दोन डोक्यांचा गरुड म्हणून मी ते आधी रशियात शोधलं, मग ऑस्ट्रियात, ऑस्ट्रियाची गरुडाची सगळी तिकिटं शेजारी ठेवून बघितली, कुठेच बसेना, कारण ऑस्ट्रियाच्या तिकिटावर निदान चलनाचं काहीतरी तरी लिहिलेलं असतं. शेवटी उलटा विचार केला, की असा गरुड लावायचा हक्क कोणाला, तर ऑस्ट्रिया-हंगेरीला, आणि ते स्वतःचं नाव का लिहीत नाहीयत, तर बहुतेक ही जागा त्यांची स्वतःची नाही, ताब्यात घेतलेली आहे. १८७८ मध्ये त्यांनी बोस्निया-हर्जेगोविना ताब्यात घेतला आणि १८७९ पासून तिथे हीच तिकिटं चालली, गरुड आणि आकडा, बाकी काही नाही. ते तिकीट काही फार महाग नाही, पण ज्या दिवशी ते त्याच्या पानावर लागलं त्या दिवसाचा आनंद मला अजून आठवतो.

असंच एक ऑस्ट्रियाचं १८५० चं पहिलं तिकीट. ढालीवर गरुड आणि वर केकेपोस्टश्टेंपेल. खाली क्रॉयत्सर असेल तर ऑस्ट्रिया, पण सेंटेस असेल तर तेच चित्र लोम्बार्डी-व्हेनिशियाचं, म्हणजे तेव्हा ऑस्ट्रियाकडे असलेला उत्तर इटली. एका शब्दाने देश बदलतो. म्हणून म्हणतो, किंमत वाचा.

चलनाचं थोडं सांगतो. फिलेर हंगेरीचं, हेलर ऑस्ट्रियाचं, हालेरू चेकोस्लोव्हाकियाचं, ग्रोशी पोलंडचं, लेप्ता ग्रीसचं, स्तोतिंकी बल्गेरियाचं, सतांग थायलंडचं, रेइस पोर्तुगाल आणि ब्राझीलचं. स्कँडिनेव्हियात तर अजून मजा, ओरे हा शब्द स्वीडनमध्ये ओ वर दोन टिंबं देऊन लिहितात आणि डेन्मार्क-नॉर्वेत ओ मधून तिरकी रेघ मारून, त्यामुळे नाव फाटलेलं असलं तरी नुसत्या एका अक्षरावरून स्वीडन वेगळं काढता येतं. आणि ब्रिटनच्या राजाचं नेहमीचं तिकीट, पण त्यावर काळ्या अक्षरात आणे छापलेत, देशाचं नाव नाही, असं दिसलं तर गोंधळू नका, आखातात मस्कत वगैरे ठिकाणी ब्रिटिश पोस्ट ऑफिसं होती, तिथे रुपया-आणे चालायचे, म्हणून ब्रिटनच्याच तिकिटावर आणे छापून ती तिथे विकली. कुवेत आणि बहरीनसाठीच्या तिकिटांवर त्यांची नावंही छापलेली असतात.

ही ओव्हरप्रिंट झाली. ओव्हरप्रिंटचा नियम साधा आहे, खालचं तिकीट कोणाचंही असो, वर जे नाव छापलंय तिथलं ते. डॉइचेस राइश खाली आणि वर डान्झिग (आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क), तर ते १९२० पासूनचं डान्झिग, जर्मनी नाही. मेमेलसाठी (आजचं लिथुआनियातलं क्लाइपेडा) तर काही तिकिटं जर्मनीची घेतली आणि काही फ्रान्सची, त्यामुळे एकाच जागेची तिकिटं दोन वेगळ्या ढिगांत जाऊन बसतात. ओव्हरप्रिंट बघायला तिकीट प्रकाशात तिरकं धरा, शिक्क्याच्या शाईखाली ते सहज लपतं.

लिपी वेगळी असेल तर लोक लगेच हात टेकतात, पण खरं म्हणजे ते सोपं असतं, लिपी वाचायची नसते, फक्त ओळखायची असते. रशियन, म्हणजे सिरिलिक लिपीतलं पोच्ता आपण रोमन समजून वाचलं की नोयटा असं होतं, कारण पहिलं अक्षर दरवाजाच्या चौकटीसारखं आहे आणि तिसरं वायसारखं, आणि शेजारच्या सीसीसीपीचा खरा उच्चार एसएसएसआर, सोव्हिएत युनियन. पण सिरिलिक म्हणजे रशियाच असं नाही. नावाच्या शेवटी उलटा आर असेल आणि नाव बी सारख्या अक्षराने सुरू होत असेल तर बल्गेरिया. रोमन जे सारखं अक्षर मधे आलं तर सर्बिया, मॅसेडोनिया किंवा जुनं युगोस्लाव्हिया, रशियनमध्ये ते अक्षर नाहीच. आय वर दोन टिंबं असतील तर युक्रेन. आणि तीन दात वर असलेल्या कंगव्यासारखं अक्षर, त्याला लागून दोन वाय, हे दिसलं तर तो मंगोलियाचा शुदान हा शब्द, म्हणजे पोस्ट. ग्रीक तर एका नजरेत कळतं, ई नंतर दोन उलटे व्ही, मग ए, मग झेडसारखा वाकडा एस, झालं एलास. १९६६ च्या सुमारापासून देशाचं नाव रोमन लिपीतही छापायचं असं युनिव्हर्सल पोस्टल युनियन या जागतिक टपाल संघटनेने ठरवलं, त्यामुळे त्यानंतरच्या तिकिटांवर हा त्रास बराच कमी आहे, ग्रीसवर हेलास आणि जपानवर निप्पॉन तेव्हापासूनच दिसतं.

त्याआधीचं जपान चिनी अक्षरांमुळे चीनमध्ये मिसळतं. जुन्या जपानी तिकिटांवर सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं फूल शोधा, ते राजघराण्याचं चिन्ह, दुसऱ्या महायुद्धानंतर थोड्याच वर्षांत ते गेलं. कोरियन अक्षरांत छोटे छोटे गोल असतात, चिनी अक्षरांत असे पूर्ण गोल नसतात आणि जपानीत क्वचितच, एवढ्यावर कोरिया वेगळा निघतो. कम्युनिस्ट चीनने १९९१ पर्यंत रोमन लिपीत नाव घातलंच नाही, पण त्यांच्या १९७४ ते १९९१ च्या बऱ्याच तिकिटांच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात जे किंवा टी हे रोमन अक्षर, पुढे नंबर आणि कंसात दोन आकडे असतात, आणि उजवीकडे साल. हे एकदा डोळ्यात बसलं की चीन दुरून ओळखू येतो. तैवानच्या तिकिटावर ६५ असं साल दिसलं तर ते १९६५ नाही, तिथे १९१२ हे पहिलं वर्ष धरतात, म्हणजे १९११ मिळवा, १९७६ आलं. थायलंडचं साल असेल तर त्यातून ५४३ वजा करा.

अरबी लिपीचं मी आकड्यांवरून करतो. अरबीत पाच म्हणजे आपल्या शून्यासारखा गोल, फारसीत तोच पाच उलट्या बदामासारखा, पत्त्यातला बदाम उलटा धरल्यासारखा. उलटा बदाम असेल तर इराण किंवा अफगाणिस्तानकडे जा, गोल असेल तर अरब देश किंवा जुना तुर्कस्तान. सिंह आणि मागे सूर्य दिसला तर इराण. तुर्कस्तानच्या जुन्या तिकिटांवर सुलतानाची तुघ्रा असते, वेलांटीसारखी वर तीन उभ्या रेघा असलेली सही, आणि १९२८ मध्ये त्यांनी लिपीच बदलली, त्यानंतर सगळं रोमन. अफगाणिस्तानची पहिली तिकिटं १८७१ मधली, गोल, मधे सिंहाचा म्हणा वाघाचा म्हणा चेहरा, आणि त्यातली बरीचशी फाटलेली सापडतात. ती खराब समजून फेकू नका. तिथे शिक्का मारायच्या ऐवजी तिकिटाचा तुकडा फाडून ते रद्द करायचे, म्हणजे फाटलेलं असणं हाच वापरल्याचा पुरावा.

देवनागरी दिसली आणि भारताचं नाही, तर नेपाळ, तिथे आपल्याला काही शिकायलाच नको, सरळ वाचायचं. १९०७ पासूनच्या पशुपतीच्या तिकिटांवर गोरखा सरकार असं आहे, नेपाळ हे नाव नंतर आलं, त्यामुळे नेपाळ शोधत बसलात तर सापडणार नाही. हिब्रू चौकोनी अक्षरं असतील तर इस्रायल, पण १९४८ ची अगदी पहिली तिकिटं, जुन्या नाण्यांची चित्रं असलेली, त्यावर इस्रायल नाव नाही, कारण छापायला घेतली तेव्हा नवीन देशाचं नाव ठरलेलंच नव्हतं, म्हणून नुसतं दोआर इव्री, हिब्रू पोस्ट. हातपाय पसरलेल्या काड्यांच्या माणसांसारखी अक्षरं म्हणजे इथिओपिया.

शिक्क्याबद्दल मात्र मी मनापासून सांगतो, कारण इथे मी स्वतः नुकसान करून घेतलंय. सुरुवातीला माझ्याकडे जुन्या लिफाफ्यांचे तुकडे आले होते, मी ते सगळे कोमट पाण्यात टाकून तिकिटं सुटी केली, सुंदर स्वच्छ, आणि अर्धा शिक्का कागदावर राहिला तो कागद फेकून दिला. त्यात फ्रेंच वसाहतींची बिनदाते, म्हणजे कडेला भोकांचे दाते नसलेली, तिकिटं होती, ज्यांच्यावर वसाहतीचं नाव छापलेलंच नसतं, सगळ्या वसाहतींना एकच तिकीट, आणि ते मार्टिनिकमध्ये वापरलं की रियुनियनमध्ये हे फक्त शिक्क्यावरून कळतं. ती माहिती गेली ती गेलीच. तेव्हा तिकीट कागदावर असेल तर आधी फोटो काढा, शिक्का पूर्ण असेल तर सोडवूच नका. ब्रिटनची व्हिक्टोरियाची तिकिटंसुद्धा परदेशातल्या ब्रिटिश पोस्टात चालायची, शिक्क्यात ए२५ असेल तर माल्टा, ए२६ असेल तर जिब्राल्टर, नुसता सी असेल तर कॉन्स्टँटिनोपल, बी०१ असेल तर अलेक्झांड्रिया. ब्रिटनच्या ढिगात एखादं असं निघालं तर त्याची गोष्टच वेगळी होते.

वॉटरमार्क, म्हणजे कागदातच असलेली पुसट खूण, आणि दाते यांचा उपयोग देश ओळखायला कमी आणि छपाई ओळखायला जास्त, म्हणून त्यावर इथे फार बोलत नाही. एक मात्र, मागून मुकुट आणि सीए अशी अक्षरं दिसली तर ती क्राउन एजंट्सची, म्हणजे ब्रिटिश वसाहत, ब्रिटन स्वतः नाही. आधी तिकीट उलटं करून काळ्या कागदावर ठेवून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच दिसतं.

कधी कधी ते पोस्टाचं तिकीटच नसतं. टिंब्र फिस्काल, स्टेंपेलमार्के, मार्का दा बोल्लो हे महसुलाचे स्टॅम्प, कागदपत्रांवर लावायचे. युलेन असं लिहिलेलं, डेन्मार्कचं, किंमत नसलेलं असेल तर तो नाताळचा सील, १९०४ मध्ये तिथूनच ही पद्धत सुरू झाली. किंमत नाही म्हणून लगेच बाजूला टाकू नका पण, ब्रिटनने १९८९ पासून आकड्याऐवजी नुसतं फर्स्ट किंवा सेकंड छापलेली तिकिटं काढलीयत आणि ती खरीच आहेत. आणि अजमान, फुजैरा, उम्म अल क्वैन, मनामा अशा नावांची मोठी, रंगीत, चकचकीत तिकिटं, वापरलेली असूनही मागे गोंद तसाच आणि शिक्का अगदी कोपऱ्यात नीट बसवलेला, ती १९६० च्या दशकाच्या शेवटची आणि १९७० च्या सुरुवातीची, पोस्टापेक्षा संग्राहकांसाठीच छापलेली. देश ओळखायला सोपी, किंमत फारशी नाही, पण मुलांना दाखवायला छान.

एवढं सगळं करूनही अडलं तर मग मोबाईल. गुगल लेन्सने चित्र बऱ्याचदा सापडतं, फक्त ओव्हरप्रिंट आणि चलनातला फरक त्याच्याकडून सुटू शकतो, त्यामुळे त्याने सांगितलेला देश हा अंदाज धरायचा, उत्तर नाही. कोलनेक्ट या संग्राहकांच्या वेबसाइटवर चलन, रंग, साल, आकार टाकून गाळणी लावता येते, मला ते जास्त भरवशाचं वाटतं कारण तिथे आपणच काय बघितलं ते सांगावं लागतं. कॅटलॉगमध्ये स्टॅनली गिबन्स, स्कॉट, मिशेल, इव्हेर, यातला कुठलाही चालेल, आणि ओळखायच्या कामाला जुनी आवृत्तीही पुरते, १८७९ चं तिकीट काही बदलत नाही.

जे तिकीट तरीही सुटत नाही ते परत डबीत टाकू नका. एका पारदर्शक पाकिटात ठेवा आणि सोबत चिठ्ठी, पेन्सिलने, काय काय बघून झालं ते लिहून, सिरिलिक नाही, चलन पी, दाते नाहीत, शिक्क्यात अमुक अक्षरं, असं. माझ्या अशा पाकिटांत सध्या चार तिकिटं आहेत, त्यातल्या एकावर नुसता सिंह आणि २५ आहे, आणि नवीन कॅटलॉग हाती आला की मी आधी तेच काढतो.